द्रविड की पोर्तुगीज? ‘एज ऑफ एम्पायर्स २’ मधील संस्कृतीची निवड

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमच्या फोंड्याच्या मूळ घरी सगळी चुलत भावंडे जमतात. दिवसभर माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची सजावट), आरत्या आणि येणारे-जाणारे यांत वेळ कसा जातो ते कळत नाही. रात्रीची आरती आटोपून वडीलधारी मंडळी झोपायला गेली, की माडीवरच्या खोलीत पाच-सहा लॅपटॉप एकाच राउटरला जोडले जातात आणि ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा राज्य उभारून लढण्याचा संगणकीय खेळ सुरू होतो. प्रत्यक्ष खेळाला हात घालण्यापूर्वी अर्धा तास मात्र एकाच प्रश्नावर खर्च होतो: कोणी कोणती संस्कृती घ्यायची? गेल्या काही वर्षांत मी या प्रश्नाचा बराच विचार केला आहे, आणि आपल्याकडच्या खेळाडूला, विशेषतः गोव्यातल्या खेळाडूला, हा खेळ आणि त्याची ‘डायनास्टीज ऑफ इंडिया’ ही पुरवणी विकत घेताना त्याचा उपयोग होईल असे वाटते, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

मूळ खेळ १९९९ साली एन्सेंबल स्टुडिओजने तयार केला आणि मायक्रोसॉफ्टने बाजारात आणला. त्या वेळी त्यात १३ संस्कृती होत्या. दुसऱ्या वर्षी आलेल्या ‘द कॉन्करर्स’ने त्यांत ५ची भर घातली. नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेल्या ‘डेफिनिटिव्ह एडिशन’मध्ये त्यांची संख्या ३५ झाली, एप्रिल २०२२ च्या भारतीय पुरवणीनंतर ४२ झाली, आणि त्यानंतरही भर पडत आहे. खेळाचा गाभा मात्र पंचवीस वर्षांत हललेला नाही. अन्न, लाकूड, सोने आणि दगड ही चार साधने गोळा करायची, डार्क, फ्युडल, कॅसल आणि इम्पिरियल या चार युगांतून वर चढायचे, आणि साधारणपणे २०० लोकसंख्येच्या मर्यादेत आपले राज्य आणि सैन्य यांचा मेळ घालायचा. (ही साधने गोळा करणाऱ्या माणसांना मी पुढे व्हिलेजरच म्हणणार आहे. ‘गावकरी’ या शब्दाला गोव्यात गावाच्या सामाईक जमिनीचा, तिच्या हिशेबाचा आणि मानापानाचा एवढा जुना अर्थ चिकटलेला आहे, की लाकूडतोड्याला तो लावणे मला जमत नाही.)

खेळाडूंच्या बोलण्यातली ‘सिव्ह’, म्हणजे संस्कृती, नेमकी काय, हे नवख्याला सांगणे आवश्यक आहे. बहुतेक इमारती, बहुतेक सैनिक आणि बहुतेक संशोधने सर्व संस्कृतींना समान असतात. फरक पडतो तो काही सवलतींमुळे, एखाद-दुसऱ्या खास सैनिकामुळे आणि जे मुळातच दिलेले नाही त्यामुळे. फ्रँक लोकांच्या घोडेस्वारांत अधिक जीव असतो आणि त्यांना शेतीच्या सुधारणा फुकट मिळतात. ब्रिटनांचे तिरंदाज इतरांपेक्षा लांबून मारा करतात. मंगोलांचे शिकारी ४० टक्के जलद काम करतात, त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांत त्यांना गाठणे कठीण असते. बायझंटाइनांना भालाईत, उंट आणि स्कर्मिशर (लांबून भाला फेकणारे हलके सैनिक) स्वस्तात मिळतात, म्हणून समोरच्याने काहीही आणले तरी त्यांच्याकडे उत्तर असते. चिनी लोक तीन व्हिलेजर जास्त घेऊन सुरुवात करतात, पण त्यांचे अन्न आणि लाकूड इतके कमी असते की पहिल्या दोन मिनिटांत हात चुकला तर तो लाभ उलटतो.

सवलतींची ही यादी वाचून संस्कृती निवडणे ही नवख्याची सर्वांत मोठी चूक, असे माझे मत झाले आहे. सवलत आपोआप मिळते आणि पाच-सात डावांत तिची सवय होऊन जाते. जे नाही, ते मात्र प्रत्येक डावात समोर येते. गॉथ लोकांना दगडी तटबंदी नाही; त्यामुळे गॉथ घेणारा माणूस घराला कुंपण घालून निवांत बसूच शकत नाही, त्याला पायदळाचे लोंढे घेऊन बाहेर पडावेच लागते. अ‍ॅझटेक आणि माया यांच्याकडे घोडदळ नाही. त्यांच्याबरोबर खेळताना वेगाने येणाऱ्या शत्रूची वाट पाहण्याऐवजी त्याच्या वाटेवर आधी पोहोचण्याची शिस्त अंगी बाणवावी लागते. ज्या उणिवेशी आपला स्वभाव जुळवून घेऊ शकतो, ती आपली संस्कृती. मी पहिली दोन-तीन वर्षे फ्रँक घेऊन खेळलो, पुष्कळ जिंकलो, आणि तरीही त्या लोकांविषयी मला कधी माया वाटली नाही. त्यांची उणीव मला कधी नीट जाणवलीच नाही.

गोव्यात या निवडीला आणखी एक पदर आहे, आणि तो टाळून लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०१५ च्या ‘आफ्रिकन किंग्डम्स’ या पुरवणीपासून खेळात पोर्तुगीज आहेत. आमचे कुलदैवत म्हार्दोळची म्हाळसा. ती मूळची वेर्ण्याची. सोळाव्या शतकात सासष्टीतली देवळे पाडली गेली तेव्हा देवीला झुआरी पार करून अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या भागात, आणावे लागले. त्या काळी फोंडा महाल पोर्तुगिजांच्या ताब्यात नव्हता, तो १७६३ साली त्यांच्याकडे गेला. ही हकिगत आमच्या घरात प्रत्येक मूल ऐकत वाढते. त्यामुळे माडीवरच्या त्या खोलीत पोर्तुगीज घ्यायचे नाहीत, असा कोणी न केलेला नियम बरीच वर्षे पाळला जात होता.

तो नियम मोडला तो आजोबांमुळे. त्यांनी शाळकरी वयात पोर्तुगीज भाषेत ‘प्रिमेर ग्राव’ आणि ‘सेगुंद ग्राव’ केलेले आहे. या खेळातला प्रत्येक सैनिक आणि व्हिलेजर आपल्या संस्कृतीच्या भाषेत ओ देतो. एका रात्री धाकट्या चुलतभावाने पोर्तुगीज कसे आहेत ते पाहण्यासाठी एकट्याने डाव मांडला होता. पाण्याचा तांब्या घेऊन आजोबा दारात उभे राहिले, थोडा वेळ ऐकत राहिले आणि आत येऊन खुर्चीवर बसले. पडद्यावरचा माणूस काय म्हणाला, हे ते आम्हाला एकेका शब्दासह सांगत होते. शाळा सुटल्यानंतर साठ वर्षे ती भाषा त्यांना बोलायला कोणी मिळाले नव्हते. त्या रात्रीनंतर पोर्तुगीज ही आमच्याकडे इतरांसारखीच एक संस्कृती झाली, आणि मी ती मन लावून खेळलो.

खेळ म्हणून पाहता पोर्तुगीज फार विचारपूर्वक घडवलेले आहेत. त्यांच्या प्रत्येक सैनिकाला आणि जहाजाला लागणारे सोने २० टक्क्यांनी कमी आहे. ही सवलत पहिल्या नजरेत किरकोळ वाटते. पण लांबलेल्या डावात नकाशावरच्या सोन्याच्या खाणी संपत येतात आणि दोन्ही बाजू उरल्यासुरल्या सोन्याचा हिशेब करू लागतात, तेव्हा समोरच्याच्या चार तोफांबरोबर आपल्या पाच उभ्या राहतात. त्यांची जहाजे अधिक दणकट आहेत. कॅराव्हेल या त्यांच्या खास जहाजाचा बाण एका जहाजाला लागून थांबत नाही, तो रांगेतल्या मागच्यांनाही भेदत जातो. दाटीने आलेल्या आरमारासमोर त्याचा परिणाम पाहण्यासारखा असतो. ऑर्गन गन ही अनेक नळ्यांची तोफ एकाच वेळी गोळ्यांचा सडा टाकते, आणि ‘आर्केबस’ हे संशोधन केल्यावर दारूगोळ्याचा नेम पळत्या शत्रूवरही बसतो. अलीकडच्या सुधारणेनंतर त्यांचे फळे वेचणारे व्हिलेजर अन्नाबरोबर थोडे लाकूडही मिळवतात, त्यामुळे सुरुवात पूर्वीइतकी संथ राहिलेली नाही. फ्रँकांचा पॅलाडिन, म्हणजे सर्वांत बलवान घोडेस्वार, त्यांच्याकडे नाही, पण त्याखेरीज फारसे काही अडत नाही. पाणी असो वा जमीन, हातात नेहमी काहीतरी असते.

माझा आक्षेप फेइतोरियाविषयी आहे. ही पोर्तुगिजांची खास इमारत. ती उभी केली की कोणी काम न करता अन्न, लाकूड, सोने आणि दगड संथपणे जमा होत राहतात. त्याबदल्यात ती २० लोकसंख्येची जागा अडवते, म्हणजे २०० पैकी दहावा हिस्सा, आणि हा सौदा बरोबरीचा आहे. पण ती बांधता येते ती शेवटच्या, इम्पिरियल युगात. इतिहासात क्रम याच्या नेमका उलट होता. फेइतोरिया म्हणजे वखार. पोर्तुगिजांच्या वखारी १५०० च्या सुमारास आधी कालिकत आणि कोची येथे आल्या. किल्ले, राज्यपाल आणि १५१० चा गोव्याचा पाडाव हे त्यानंतरचे. वखारीपासून सुरुवात करून साम्राज्याकडे जाणारी ही माणसे खेळात साम्राज्यापासून सुरुवात करून वखारीकडे येतात. समतोलासाठी असे करावे लागले असेल हे मला कळते. इमारत लवकर मिळाली असती तर प्रत्येक डाव तिच्याभोवतीच फिरला असता. तरीही फ्युडल युगात एखादी छोटी, किनाऱ्यावरच बांधता येणारी वखार दिली असती, तर पोर्तुगीज म्हणजे काय हे खेळणाऱ्याच्या बोटांना समजले असते.

त्यांची एकट्याने खेळायची मोहीम फ्रान्सिस्कु द आल्मेदाची आहे. १५०५ ते १५०९ या काळातला हा पहिला व्हाइसरॉय. त्याचा मुलगा लोरेन्सू १५०८ साली आपल्या कोकणातल्या चौलच्या लढाईत मारला गेला आणि पुढच्या वर्षी बापाने दीवच्या समुद्रात त्याचा सूड घेतला. मोहीम याच घटनेवर संपते. गोवा घेणारा आल्बुकर्क त्याच्या नंतरचा. चौलचे नाव ऐकत वाढलेल्या वाचकाने ही मोहीम जरूर खेळावी. शेवटच्या टप्प्यातली आरमारी लढाई या खेळातल्या उत्तम आरमारी लढायांपैकी एक आहे.

आता ‘डायनास्टीज ऑफ इंडिया’कडे येतो. २०१३ पासून खेळात ‘इंडियन्स’ अशी एकच संस्कृती होती, आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचा सगळा मध्ययुगीन इतिहास तिच्या एका पोत्यात भरलेला होता. या पुरवणीने ते पोते उघडले. जुन्या इंडियन्सचे हिंदुस्तानी झाले, आणि गुर्जर, बंगाली व द्रविड अशा तीन संस्कृती नव्याने आल्या. हिंदुस्तानी सर्वांत सोपे: व्हिलेजर स्वस्त, उंट जबरदस्त, आणि बाबराची मोहीम. गुर्जरांचा श्रीवंश घोडेस्वार येणारे बाण चुकवत पुढे घुसतो. पृथ्वीराजाची मोहीम त्यांच्या वाट्याला आली आहे. बंगाली हत्तींवर उभे आहेत आणि प्रत्येक युग गाठल्यावर त्यांना दोन व्हिलेजर आयते मिळतात. माझ्या हाताला मात्र ते जड वाटले, आणि नदीच्या नकाशाखेरीज मी त्यांच्याकडे फारसा वळलो नाही.

द्रविड मी पहिल्यांदा घेतले तेव्हा सलग सहा डाव हरलो. नकाशा होता ‘अरेबिया’, म्हणजे उघडे माळरान, आणि समोर मंगोल. द्रविडांकडे नाइट (जड चिलखती घोडेस्वार) नाही, उंट नाही, आणि घोड्यांचे बळ वाढवणारी काही महत्त्वाची संशोधनेही नाहीत. त्यांचा तबेला खेळातल्या सर्वांत दुबळ्या तबेल्यांपैकी एक आहे. मंगोलांचे मंगुदाई हे घोड्यावरचे तिरंदाज येत, बाण सोडून निघून जात, आणि माझे पायदळ त्यांच्यामागे धावत राही. सहाव्या डावानंतर मी चिडून त्या संस्कृतीची रचनाच चुकीची आहे, असे म्हणत होतो.

रचना चुकीची नव्हती. दक्षिणेत चांगला घोडा पैदाच होत नसे. तो अरबस्तानातून आणि इराणच्या आखातातून जहाजाने यायचा, आणि तो उतरण्याच्या महत्त्वाच्या बंदरांपैकी एक होते आपले गोवे. विजयनगर आणि बहामनी ही राज्ये गोव्यासाठी शतकभर झगडली, १४७२ साली महमूद गवानाने ते बहामनींकडे आणले, यामागे या घोड्यांच्या व्यापाराचे कारण मोठे होते. १५१० नंतर पोर्तुगिजांनी घोड्यांची जहाजे गोव्यालाच यावीत असा बंदोबस्त केला, आणि विजयनगर व विजापूर या दोघांनाही त्यांच्याशी गोडीने वागावे लागले. हे सगळे मी शाळेपासून ऐकत आलो होतो. पण घोडा नसणे म्हणजे राजाला नेमके काय वाटत असेल, हे त्या सहा पराभवांनी मला पहिल्यांदा जाणवून दिले. उणीव इतक्या खरेपणाने मांडणारी दुसरी संस्कृती या खेळात मला आढळलेली नाही.

आणि ती उणीव झाकणारे जे दिले आहे, तेही तितकेच सुसंगत आहे. द्रविडांचा जीव पाण्यात आहे. त्यांच्या मच्छीमार होड्या आणि मासे पकडणारे व्हिलेजर १५ अन्न जास्त वाहून आणतात. त्यांची गोदी पाच माणसांची जागाही देते, म्हणजे पहिली गोदी बांधली की एक घर वाचते; ही सवलत जोडीदारालाही मिळते, त्यामुळे दोघा-दोघांच्या डावात द्रविड आपल्या बाजूला असावेत असे प्रत्येकाला वाटते. प्रत्येक नवे युग गाठताच २०० लाकूड हातात पडते. फ्युडल युगात पाऊल ठेवल्याच्या क्षणी ७५ लाकडाच्या दोन होड्या पाण्यात सोडून वर थोडे उरते, आणि समोरचा झाडे तोडत असताना आपले आरमार किनारा सोडते. इम्पिरियल युगातली तिरिसडै ही थोराड युद्धनौका एका वेळी अनेक बाण सोडते. तिच्या मागे राजेंद्र चोळाची आठवण आहे. १०२५ च्या सुमारास त्याच्या आरमाराने थेट श्रीविजयावर स्वारी केली होती, आणि पुरवणीतली द्रविडांची मोहीमही त्याच्याच नावाची आहे.

जमिनीवर त्यांचे पायदळ हळूहळू चढत जाते. बरॅक्समधली संशोधने निम्म्या किमतीत होतात. उरुमी घेतलेला त्यांचा खास सैनिक केरळच्या कळरीतल्या (युद्धकलेच्या आखाड्यातल्या) लवचीक तलवारीने पहिल्या तडाख्यात आजूबाजूच्या चार जणांना एकदम जखमी करतो. चिलखत मात्र त्याचे हलके, म्हणून त्याला बाणांसमोर मोकळे सोडू नये. शेवटी येते ‘वूट्झ स्टील’ हे संशोधन. दक्षिण भारतातले हे पोलाद मध्ययुगात पश्चिम आशियापर्यंत जात असे. खेळात ते मिळाल्यावर द्रविडांच्या पायदळाचा वार शत्रूच्या चिलखताला जुमानत नाही. लोखंडात मढलेल्या ट्यूटॉनिक नाइटांची रांग साध्या तलवारबाजांसमोर विरघळताना मी पाहिली, तेव्हा माडीवरच्या सगळ्यांनी आपापले डाव थांबवून माझ्या पडद्याकडे पाहिले होते. मंगुदाईंचे उत्तरही शेवटी सापडले: द्रविडांचे स्कर्मिशर २५ टक्के जलद भाला फेकतात. लाकूड हाताशी असतेच. पाठलाग करायचा नाही, स्कर्मिशरांची फळी लाकूडतोडीजवळ आणि सोन्याजवळ उभी करून शत्रूलाच तिथे यायला लावायचे.

या पुरवणीवर माझी एक तक्रार आहे, आणि ती मनापासूनची आहे. ‘द्रविड’ हे नावसुद्धा एक लहान पोतेच आहे. चोळ, चेर, पांड्य आणि ओढूनताणून विजयनगर त्यात बसते. पण दख्खन आणि कोकण कुठेच बसत नाहीत. मराठे सतराव्या शतकातले, त्यामुळे या खेळाच्या काळात ते नाहीत हे समजण्यासारखे आहे. देवगिरीचे यादव, कोकणचे शिलाहार आणि गोव्याचे कदंब मात्र या काळाच्या ऐन मध्यात होते. अकराव्या शतकाच्या मध्यास पहिल्या जयकेशीने चांदोरहून राजधानी झुआरीकाठच्या गोपकपट्टणला हलवली, ती समुद्राच्या व्यापारासाठीच. तांबडी सुर्लाचे महादेवाचे देऊळ पाहिलेल्या माणसाला खेळात आपल्या आश्चर्यवास्तूच्या (प्रत्येक संस्कृतीला मिळणाऱ्या भव्य ‘वंडर’ इमारतीच्या) जागी तसले काळ्या दगडाचे देऊळ उभे करावेसे वाटणारच. आरमार, व्यापारी जकात, घोड्यांची आयात: कदंबांची संस्कृती रचायला लागणारे सगळे साहित्य खेळात आधीपासून आहे. भाषेचेही तसेच. द्रविडांचे सैनिक तमिळमध्ये बोलतात आणि खेळाचा सगळा मजकूर हिंदीत वाचता येतो, पण मराठी वा कोंकणीचा शब्द कुठे नाही.

खरेदीविषयी थोडक्यात सांगतो. ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ आणि ‘डायनास्टीज ऑफ इंडिया’ वेगवेगळे घ्यावे लागतात. दोन्हींवर वर्षातून अनेकदा सवलत लागते, तेव्हा घाई करू नये. मुळात ‘आर्ट ऑफ वॉर’ नावाचे सरावाचे धडे आहेत, ते नवख्याने आधी पुरे करावेत. सुधारणा येतात तसे सवलतींचे आकडे मागेपुढे होतात, म्हणून जुन्या याद्यांवर विसंबू नये. आमच्याकडे आषाढ-श्रावणात वीज आणि इंटरनेट दोन्ही बेभरवशाचे असतात. परक्या खेळाडूंशी ऑनलाइन डाव मांडायचा तर पाऊस ओसरल्यावर मांडावा, तोवर मोहिमा आहेत. संस्कृती ठरवताना एकच नकाशा घेऊन तिच्याबरोबर निदान दहा डाव खेळावेत. उघड्या माळरानावरच खेळणाऱ्याला मी द्रविड सुचवणार नाही. त्याने हिंदुस्तानी किंवा गुर्जर घ्यावेत. ज्याला सगळे थोडे थोडे हवे आहे आणि लांब डावाचा कंटाळा नाही, त्याला पोर्तुगीज आवडतील. अर्धे पाणी आणि अर्धी जमीन असलेल्या नकाशावर मी द्रविडांखेरीज दुसरे काही घेत नाही.

यंदाच्या चवथीसाठी तीन नकाशे ठरले आहेत आणि तीनही पाण्याचे आहेत. पोर्तुगीज धाकट्या चुलतभावाने मागून घेतले आहेत. आजोबांची खुर्ची त्याच्या शेजारी मांडायची, हेही त्यानेच आधी सांगून ठेवले आहे.